उत्तर आलेलं नाही, तोवर

बंधुभगिनींनो, आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ती माणसं प्रत्येक मंडळीत असतात. कुणी मूल व्हावं म्हणून, कुणी दुखणं जावं म्हणून, कुणी देवापासून दूर गेलेल्या लेकासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करतं. प्रार्थनेचं उत्तर मिळाल्याच्या इतरांच्या साक्षी ऐकून ती मनापासून ‘हालेलुया’ म्हणतात आणि घरी जाऊन पुन्हा तेच मागणं मांडतात. अशा माणसाला ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं म्हणू नका. प्रेषित पौलाचा विश्वास कमी होता का? शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळालं. क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूनं तीनदा प्रार्थना केली, तरी दुःखाचा प्याला टळला नाही.

मला हन्नेपाशी जरा थांबायचं आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय. तिला मूल नाही, सवत पनिन्ना वर्षानुवर्षं टोचून बोलते, जेवण जात नाही. नवरा प्रेमळ आहे, पण ‘मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का?’ असं विचारतो. या प्रश्नानं तिचं दुःख हलकं झालं असेल असं मला वाटत नाही. ती परमेश्वरापुढे जाऊन रडते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही, आणि एली याजकाला ती प्यायलेली वाटते! देवाच्या घरातसुद्धा तिला आधी बोल ऐकावा लागला. ‘मी आपलं मन परमेश्वरापुढे मोकळं करत होते,’ असं ती सांगते, तेव्हा कुठे तो आशीर्वाद देतो. मग ती जाऊन जेवते आणि तिचा चेहरा उदास राहत नाही. हे कधी घडलं ते नीट पाहा. तिला पुढे होणारा मुलगा शमुवेल अजून पोटातही नाही. पनिन्ना घरातच आहे. बाहेरचं काहीच बदललेलं नाही. ओझं तेवढं देवापाशी पोहोचलं आहे.

म्हणून वाट पाहणाऱ्यानं हसतमुख राहिलंच पाहिजे, असं नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारतो, कोठवर? ते स्तोत्र निदान गाण्यानं संपतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. पण तक्रार करतानाही ते स्तोत्र लिहिणारा माणूस देवाशीच बोलतो आहे, आणि रोज बोलतो आहे. मी यालाच विश्वास म्हणतो. अशी प्रार्थना शास्त्रात आहे, म्हणजे ती करायला आपल्याला मोकळीक आहे.

संत मोनिकाची गोष्ट तिच्या मुलानं, ऑगस्टिननं, स्वतः लिहून ठेवली आहे. तो आफ्रिका सोडून रोमला निघाला. त्यानं जाऊ नये म्हणून ती किनाऱ्याजवळच्या प्रार्थनास्थळात रात्रभर रडून प्रार्थना करत होती, आणि तो तिला फसवून त्याच रात्री जहाजानं निघून गेला. तिचं मागणं सरळसरळ नाकारलं गेलं. पण पुढे इटलीतच, मिलानमध्ये, त्याला बिशप अँब्रोझ भेटले आणि ३८७ साली त्यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीचं मागणं नाकारून देवानं, मुलानं ख्रिस्ताकडे वळावं हे तिचं मूळ मागणं पूर्ण केलं, असं ऑगस्टिन म्हणतो. हे तिला नंतर कळलं. त्या सकाळी तिच्यासमोर फक्त समुद्र होता. तिनं आक्रोश केला, मुलाच्या क्रूरपणाला दोष दिला, मग त्याच्यासाठी पुन्हा प्रार्थना केली आणि आपल्या रोजच्या कामाला लागली.

प्रत्येकाची गोष्ट अशीच संपेल, असं वचन मी देऊ शकत नाही. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात अभिवचनाचं फळ न पाहताच विश्वासात मेलेल्यांची नावं आहेत. पण मोनिकेनं त्या सकाळी केलं ते आपल्यालाही करता येतं. उपचार चालू असतील तर प्रार्थनेच्या नावाखाली ते बंद करू नका. बोलवत नसेल तेव्हा एखादं स्तोत्र नुसतं वाचा. आणि पाळकांना माझी विनंती आहे, साक्षीच्या वेळी ज्यांना उत्तर मिळालेलं नाही त्यांनाही उभं राहू द्या. ‘मी अजून मागतो आहे,’ एवढंच ते म्हणाले, तरी मंडळीनं त्यांच्यासाठी तिथेच प्रार्थना करावी.