मधल्या माणसाचा आळस

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'इंटरनेट कंपन्या आणि आपलं बोलण्याचं स्वातंत्र्य', म्हणजे तुम्हाला वाटलं असणार की हा माणूस आता पालघरपासून सुरू करणार. नाही करणार. २०१२ चा नोव्हेंबर, फेसबुकवरची पोस्ट, दोन मुलींना अटक, आयटी कायद्याचं, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ते ६६ अ कलम, ज्याखाली ऑनलाइन लिहिलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल अटक व्हायची, मग २०१५ ला सुप्रीम कोर्टानं श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच उडवलं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. आणि तिथे निदान पोलीस दिसत तरी होते हो. मला बोलायचंय ते न दिसणाऱ्याबद्दल. ज्याला आपण दर महिन्याला पैसे भरतो, ज्याची वायर आपल्या गॅलरीतून घरात येते, तो, म्हणजे आपल्याला इंटरनेट पुरवणारी कंपनी.

हा माणूस काही दुष्ट नाहीये. त्याला आपल्या मतांशी घेणंदेणंच नाही, आणि माझं म्हणणं असं की खरा धोका तिथेच आहे.

२००३ चं बघा. सरकारनं सांगितलं, मेघालयातल्या एका बंदी घातलेल्या संघटनेचा याहू ग्रूप आहे, तो बंद करा. एक ग्रूप, जेमतेम सभासद असलेला. कंपन्यांना तेवढा एकच ग्रूप अडवता येईना, म्हणून त्यांनी अख्खं याहू ग्रूप्स बंद केलं. एका फ्लॅटचं पाणी तोडायला सांगितलं तर सोसायटीचा मेन कॉकच फिरवला. तरुण मंडळींना याहू ग्रूप म्हणजे काय ते माहीत नसेल, तर व्हॉट्सॲप ग्रूपचे आजोबा समजा, फक्त गुड मॉर्निंगची फुलं नव्हती, बाकी भांडणं तीच.

आता माझा आवडता किस्सा, ज्यांनी आधी ऐकलाय त्यांनी चहा घेऊन या. जुलै २००६. अकरा तारखेला मुंबईत लोकलमध्ये स्फोट झाले. दोन दिवसांत दूरसंचार खात्याकडून कंपन्यांना यादी गेली, वीसच्या आतबाहेर साइट्स आणि पानं. त्यातली काही ब्लॉगस्पॉटवरची, म्हणजे कुणालाही ब्लॉग काढता येतो त्या साइटवरची. मग काय, पुन्हा तेच. अख्खं ब्लॉगस्पॉट बंद, तशाच टाइपपॅड आणि जिओसिटीज या साइट्सही बंद. आता त्यावेळचं चित्र आठवा, मराठीत ब्लॉग लिहायला नुकती कुठे सुरुवात झाली होती, कुणी प्रवासवर्णन टाकतंय, कुणी आजीच्या पाककृती, फाँट दिसत नाही म्हणून एकमेकांना ईमेल चाललेत, आणि यातले कितीतरी लोक ब्लॉगस्पॉटवरच. थालीपीठाची कृती राष्ट्रीय सुरक्षेत गेली! आणि चेष्टा सोडा, स्फोटानंतर लोकांना मदतीची माहिती देणारा 'मुंबई हेल्प' नावाचा ब्लॉग होता, तोही ब्लॉगस्पॉटवरच होता.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच वर्षी थोडं आधी पाकिस्तानात ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं, प्रेषित मुहम्मदांच्या व्यंगचित्रांच्या वादावरून, आणि तिथल्या वाचकांसाठी पीकेब्लॉग्ज नावाची पळवाट तयार झाली होती. तर स्फोटांनंतरच्या त्या आठवड्यात, देशाच्या सुरक्षेसाठी बंद केलेले आपलेच ब्लॉग भारतातले लोक पाकिस्तानसाठी केलेल्या पळवाटेतून वाचत होते. हे मी रचून सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात जरा जास्तच होतंय. पुढे खात्यानंच कंपन्यांना सुनावलं की सांगितलेली पानंच अडवा, बाकीचं सोडा. कंपन्यांना शिक्षा? कसली शिक्षा!

आणि हे जुनं झालं म्हणू नका. २०१२ ला मद्रास हायकोर्टाच्या पायरसीच्या आदेशावरून व्हिमिओ ही व्हिडिओंची साइट गेली, २०१७ ला तसंच इंटरनेट अर्काइव्ह गेलं, म्हणजे जुनी पुस्तकं जिथे ठेवलेली असतात ते. आमच्या घरी एक साइट उघडेना म्हणून कस्टमर केअरला फोन केला, कुठल्या कंपनीला ते जाऊ दे, तर ती मुलगी म्हणते सर राउटर बंद करून चालू करा. म्हणलं बाई, समोर लिहून आलंय की दूरसंचार खात्याच्या सूचनेवरून ही साइट बंद आहे, अधिक माहितीसाठी ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. हा ॲडमिनिस्ट्रेटर कोण? ती म्हणाली, सर तुम्ही एकदा राउटर बंद करून बघा ना.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे पाच.

तर मुद्दा. आयटी कायद्याचं ६९ अ कलम सांगतं की सरकारचा ब्लॉक करायचा आदेश कंपनीनं पाळला नाही तर सात वर्षांपर्यंत कैद. आणि जास्तीचं ब्लॉक केलं तर? काहीच नाही. मग कुठला शहाणा मॅनेजर बारकाईनं बघत बसेल, आदेशात एक पान असेल तर तो निवांत शंभर पानं बंद करणार. त्यात ब्लॉकिंगच्या २००९ च्या नियमांमधला सोळावा नियम म्हणतो की हे सगळं गोपनीय. म्हणजे तुमची साइट बंद झाली तर का झाली ते कंपनी सांगत नाही, सरकार सांगत नाही. 'हुंडा कॅल्क्युलेटर' नावाची एक साइट होती, हुंड्याची टिंगल करणारी, ती २०१८ ला ब्लॉक झाली, आणि ती काढणाऱ्या माणसाला आदेशाची नुसती प्रत द्या, त्याचं म्हणणं ऐकून घ्या, एवढं दिल्ली हायकोर्टानं म्हणायला २०२२ उजाडलं. टिंगल होती हो ती, टिंगल!

आणि श्रेया सिंघलचा निकाल आपण पेढे वाटून साजरा केला ना, त्याच निकालात ६९ अ शाबूत राहिलं हे कुणी बोलत नाही.

कंपन्यांना वठणीवर आणता येतच नाही असंही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, सांगितलं की साइट बघून वेगवेगळे दर लावायचे नाहीत, फेसबुकला ठराविक साइट्स फुकट देणारं फ्री बेसिक्स गुंडाळावं लागलं, कारण त्याआधी लाखो लोकांनी ट्रायला ईमेल केले होते. दराबद्दल आपण भांडलो. ब्लॉकिंगबद्दल भांडलो नाही, कारण बंद साइट दिसतच नाही, आपल्याला वाटतं नेट स्लो आहे.

माझी मागणी दोनच ओळींची आहे. अडवलेल्या प्रत्येक पानावर आदेश कुणाचा, कुठल्या तारखेचा, दाद कुठे मागायची हे कंपनीनं लिहायचं. आणि आदेशापेक्षा जास्त अडवलं तर दंड, रोजच्या हिशोबानं. दंड बसला की एकच पान कसं अडवायचं ते तंत्रज्ञान बरोबर सापडतं बघा. व्हीपीएनचं, म्हणजे ब्लॉक चुकवून साइट उघडायच्या सोयीचं, काय असं मागून कुणीतरी खुणावतंय, ते प्रश्नोत्तरात घेऊ, माइक त्यांच्याकडे द्या.