बार्शी रोड ते बार्शी: 21 मैलांची वकिली

नमस्कार, श्रोतेहो.

रेल्वेच्या टाइमटेबलमध्ये स्टेशनच्या नावापुढे 'रोड' दिसलं की शहाण्या माणसाने ओळखावं, गाव इथे नाही. नाशिक रोडला उतरलात तरी नाशिक गाठायला रिक्षा करावी लागते. लातूर रोडला उतरून लातूर शोधायला लागलात, तर संध्याकाळ व्हायची. आज ज्याला आपण कुर्डुवाडी म्हणतो, त्या जंक्शनचं जुनं नाव होतं बार्शी रोड. तिथून बार्शी 21 मैल, म्हणजे जवळजवळ 34 किलोमीटर. ते 34 किलोमीटर भरून काढायला एका माणसाला किती वर्षं बोलावं लागलं, किती टेबलांपुढे उभं राहावं लागलं, ती हकीकत आज सांगतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, आपल्या जी.आय.पी.ची, लाईन पुण्याहून पुढे 1860 साली सोलापूरला पोचली. दौंड सोडल्यावर भीमेच्या खोऱ्यातून ती आग्नेयेकडे सरळ निघते. इंजिनिअरला सपाटी आणि सरळपणा हवा असतो, बाजारपेठ त्याच्या दुर्बिणीत दिसत नाही. त्यामुळे बार्शी उत्तरेला बाजूला पडली.

आता बार्शी म्हणजे काही आडगाव नव्हतं. भगवंताचं देऊळ एवढीच आपण तिची ओळख सांगतो, पण त्या काळात बार्शीचं नाव अडत्यांच्या तोंडी जास्त होतं. गाव इंग्रजी हद्दीत आणि तिन्ही बाजूंना मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. बालाघाटच्या पठारावरून, तिकडे लातूरपासून, कापूस, जवस, करडई, तीळ गाड्या भरभरून खाली उतरायचं. बार्शीत त्याचा सौदा व्हायचा आणि पुढे तो माल मुंबईच्या वाटेला लागायचा. पुढे म्हणजे कुठे? तर बार्शी रोडला. आणि कसा? तर बैलगाडीनं.

ही गाडीवाट डोळ्यांपुढे आणा. सुगी संपलेली आहे, उन्हाची तलखी सुरू झालेली आहे. दिवसा बैल टिकत नाहीत, म्हणून दिवेलागणीला गाड्या जुंपायच्या. चाकाच्या आसाला ओंगण, म्हणजे वंगण, घातलेलं, गाडीखाली कंदील टांगलेला, पाठोपाठ वीस-पंचवीस गाड्यांची रांग. भरल्या गाडीला बैल तासाला तीन किलोमीटर चालले तरी खूप. गाडीवान पोत्यांवर आडवा होऊन झोपायचा, वाट बैलांना पाठ. सकाळी उन्हं वर येता येता स्टेशन. तिथे वॅगनची वाट बघत धक्क्यावर माल उतरवायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत फिरायचं. हे झालं कोरड्या दिवसांचं. पावसात ती काळी माती चाकाला अशी धरते की बैल गुडघ्यावर येतात आणि चाक दिसेनासं होतं. तेव्हा वाहतूक बंद, माल बार्शीत पडून, आणि मुंबईचा भाव कुणाची वाट बघत बसत नाही.

या सगळ्याकडे जी.आय.पी.चा एक तरुण नोकर बघत होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप त्याचं नाव, जन्म 1857चा. इंग्लंडात इंजिनच्या कारखान्यांत हात काळे केलेला. 1882 साली तो लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून इथे आला. काम इंजिनं तपासायचं, पण डोकं दुसरीकडेच. मोठ्या लाईनीला दोन्ही बाजूंनी छोट्या छोट्या लाईनी आणून सोडाव्यात, नदीला ओढे मिळतात तशा, हे त्याच्या मनानं घेतलं. 1886च्या सुमारास त्याने त्यासाठी रजा मागितली आणि आपल्याला हव्या त्या वाटांची पाहणी केली. बार्शी त्यांतली एक.

इथे थोडं थांबतो. आपल्याकडे रेल्वेच्या इतिहासात उद्घाटनाची तारीख, तोफांची सलामी, पाहुण्यांची यादी एवढंच सांगायची पद्धत आहे. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 21 तोफा, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण रूळ पडायच्या आधी कुणीतरी वर्षानुवर्षं दारोदार हिंडलेला असतो, त्याचं नाव कोनशिलेवर येत नाही. जी.आय.पी.ची कल्पना लंडनमध्ये गळी उतरवणारा जॉन चॅपमन असाच. मूळचा इंग्लंडातल्या लफ्बरोचा यंत्रकामाचा माणूस. लंडनच्या रस्त्यांवर धावणाऱ्या हॅन्सम कॅब नावाच्या घोडागाडीत गाडीवानाची बैठक मागे, छतामागे उंचावर नेण्याची सुधारणा त्याचीच. 1845च्या सुमारास तो मुंबई इलाख्यातल्या कापसाचा आणि रेल्वेचा हिशेब मांडत होता. शेवटी 1849 साली कंपनीला ईस्ट इंडिया कंपनीकडून भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी मिळाली आणि लंडनच्या पैसेवाल्यांचे हात खिशाकडे गेले. पहिली गाडी धावल्यावर दीड वर्षाच्या आत, 1854 साली, चॅपमन वारला. मला हे लोक एका जातीचे वाटतात. यांना कुठलीच वस्तू आहे तशी बघवत नाही.

तर कॅलथ्रॉपला एकाच वेळी तीन जणांना पटवायचं होतं. सरकारला, पैसे घालणाऱ्यांना आणि खुद्द रेल्वेवाल्यांना. सरकारकडे परवानगी आणि जमीन. हवा तशी अनुकूल होती, कारण 1876च्या भयंकर दुष्काळानंतर बसलेल्या आयोगाने 1880 साली दुष्काळी मुलखात रेल्वे वाढवा असं सांगून ठेवलं होतं. पण सरकारी फाईल ती सरकारी फाईल, तेव्हाही तशीच चालायची. पैसेवाल्यांना प्रश्न एकच, परतावा काय. आणि सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेवाले.

त्यांचा आक्षेप काय होता, तो समजून घेण्यासारखा आहे. जी.आय.पी.चा रूळ रुंद, दोन रुळांत साडेपाच फूट अंतर. तेवढी रुंद लाईन बार्शीला न्यायची तर खर्च मालाच्या भाड्यातून कधीच निघायचा नाही. कॅलथ्रॉप म्हणत होता, अडीच फुटी लाईन टाका. निम्म्याहून अरुंद. भराव कमी, पूल लहान, वळणं आवळून घेता येतात. यावर रेल्वेवाले म्हणायचे, ठीक आहे, पण कुर्डुवाडीला आल्यावर तुमच्या डब्यातला माल उतरवून आमच्या डब्यात चढवणार कोण? हमाली कुणाच्या माथी? आणि अडीच फुटी गाडी म्हणजे जत्रेतलं खेळणं, ते काय पोती वाहणार?

कॅलथ्रॉपचं खरं डोकं दिसतं ते याच्या उत्तरात. रूळ किती अरुंद यावर त्याने फार वाद घातलाच नाही. तो आसावर बोलला. रूळ मोडतो तो गाडीच्या एकूण वजनाने नाही, एकेका आसाखाली येणाऱ्या भाराने. मग सगळ्या गाडीला एकच नियम लावा. इंजिन असो, डबा असो की मालाची वॅगन, कुठल्याही एका आसावर 5 टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये. वजन जास्त न्यायचंय? आस वाढवा. चार आसांच्या लांब वॅगनचं माल धरून वजन 20 टन झालं तरी रुळाला ते पाच-पाच टनच. आणि सगळीकडे पाचच टन म्हटल्यावर रूळ यार्डाला 30 पौंड वजनाचा पुरतो. मोठ्या लाईनीचा रूळ याच्या दुपटीहून जड असायचा. रूळ हलका म्हणून पूल हलके, पूल हलके म्हणून खर्च हलका, आणि तरी गाडी मात्र पोरखेळ नाही. इंजिनंही त्याच बेतानं केली. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली, जोडलेली चाकंच आठ आणि मागे आणखी चार, म्हणजे सहा आसांवर वजन वाटून दिलेलं.

मराठीत 'हलकं' या शब्दाला दोन अर्थ आहेत, वजनाने हलकं आणि दर्जाने हलकं. कॅलथ्रॉपला मराठी किती येत होतं कोण जाणे, पण त्याची सगळी वकिली या दोन अर्थांची फारकत करण्यासाठीच होती.

नुसतं बोलून भागेना तेव्हा त्याने दाखवायचं ठरवलं. कंपनी 1895 साली लंडनमध्ये उभी राहिली, बार्शी लाईट रेल्वे कंपनी. इंजिनं आणि डबे तयार झाल्यावर ते थेट जहाजात न भरता त्याने लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्यावर पळवून दाखवले. जाणत्या लोकांना बोलावलं, लष्कराचे लोकही आले, कारण रणांगणावर झटपट टाकता येईल अशा लाईनीत त्यांना रस होता. म्हणजे बघा, आपल्या बार्शीची गाडी बार्शीच्या आधी यॉर्कशायरच्या थंडीत धावली आहे.

आणि मग 1897 साली बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. रजा काढून वाटा धुंडाळल्याला दहा-अकरा वर्षं उलटून गेली होती. साल मात्र वाईट. सोलापूर जिल्हा दुष्काळानं होरपळलेला, पुण्या-मुंबईत प्लेग. जो माल वाहायला म्हणून लाईन मागितली, तो माल शिवारात पिकलेलाच नाही. पण पुढे लाईन तगली आणि वाढली. 1906 साली पंढरपूर, 1911 साली लातूर, 1927 साली मिरज. बार्शीसाठी मागितलेले 21 मैल पसरत पसरत 200 मैलांवर गेले.

पंढरपूर जोडलं गेलं आणि कापसाच्या गाडीला विठोबा भेटला. आमची आजी सांगायची, आषाढीला डब्यात शिरायला मिळालं नाही की मालाच्या उघड्या डब्यात बसवायचे, वरून पाऊस आणि आत अभंग. टपावर बसणारे वेगळेच. चढ लागला की गाडी इतकी हळू व्हायची की धडधाकट माणसं खाली उतरून चालायची आणि माथ्यावर परत चढायची, असं ती शपथेवर सांगायची. आजीच्या शपथेवर मी विश्वास ठेवतो, निदान अर्धा. मला स्वतःला लहानपणी वाटायचं, बार्शीत घरोघर वीज आली आहे म्हणून तिला 'बार्शी लाईट' म्हणतात. आमच्या गावात तेव्हा रॉकेलचे दिवे होते, त्यामुळे मला बार्शीचा हेवा वाटायचा.

कॅलथ्रॉपचं पुढे काय झालं? इंग्लंडात परत जाऊन त्याने लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाईन उभी केली, 1904 साली. तिथे तर रुंद लाईनीची अख्खी वॅगनच छोट्या गाडीच्या पाठीवर चढवून न्यायची सोय केली. कुर्डुवाडीच्या हमालीचा प्रश्न डोक्यातून गेला नव्हता बहुधा. मग 1910 साली त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून गेला, आणि हा गृहस्थ पॅराशूटच्या मागे लागला. 'गार्डियन एंजल' म्हणजे रक्षक देवदूत असं त्याच्या पॅराशूटचं नाव. पहिल्या महायुद्धात विमान चालवणाऱ्यांना ते द्या म्हणून त्याने जिवाचं रान केलं, पण वरचे अधिकारी काही बधले नाहीत. ज्या माणसाने बार्शीला गाडी आणण्यासाठी सरकारला नमवलं, त्याला मरणाऱ्या वैमानिकांसाठी ते जमलं नाही. 1927 साली तो वारला. त्याच वर्षी त्याची बार्शी लाईट मिरजेला पोचली.

1954 साली कंपनी सरकारने विकत घेऊन मध्य रेल्वेत मिसळली. गेल्या दोन-अडीच दशकांत अरुंद रूळ उखडून तिथे रुंद रूळ पडले, आज मुंबईहून लातूरची गाडी कुर्डुवाडीला डबे बदलल्याशिवाय बार्शीकडे वळते. छोटी गाडी गेली. जाऊ दे, तिच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही, तिच्यात बसून कंबरडं मोडलेल्यांना विचारा.

पण 2016चा एप्रिल तुम्हाला आठवत असेल. लातूरच्या नळांना पाणी नव्हतं, टाक्यांपुढे भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेहून एक गाडी निघाली. 10 टँकर वॅगन, प्रत्येकीत 50 हजार लिटर, मिळून 5 लाख लिटर पाणी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, जवळजवळ सारी वाट त्या जुन्या बार्शी लाईटची. 12 एप्रिलला पहाटे ती लातूरच्या स्टेशनात शिरली तेव्हा प्लॅटफॉर्मवर लोक हार घेऊन उभे होते. इंजिनाला हार घालून झाल्यावर पाइप जोडले गेले आणि वॅगनमधलं पाणी स्टेशनजवळच्या विहिरीत सोडायला सुरुवात झाली.

नमस्कार.