भाऊसाहेब बांदोडकर: दातृत्वातून उभा राहिलेला राज्यकारभार

श्रोतेहो, नमस्कार.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजे तुमचे-आमचे भाऊ, यांचे 12 ऑगस्ट 1973 रोजी निधन झाले, त्या वेळी ते गोव्याचे मुख्यमंत्री होते. त्यामुळे आपण त्यांचे स्मरण बहुधा मुख्यमंत्री म्हणूनच करतो. आज मात्र मला त्यांच्याविषयी खाणउद्योजक आणि दाते या नात्याने बोलायचे आहे, कारण त्यांच्या कारभारात जे सर्वांत टिकाऊ होते, त्याचे मूळ मला त्यांच्या दातृत्वात दिसते.

पेडण्यात 12 मार्च 1911 रोजी जन्मलेले भाऊ व्यापारातून स्वतःच्या हिमतीवर वर आले आणि खाणव्यवसायात स्थिरावले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते, आणि गोव्याच्या डोंगरांतले खनिज मांडवी व जुवारी या नद्यांमधून बार्जांनी मुरगाव बंदराकडे जाऊ लागले. या व्यवसायाने मोजक्या घराण्यांच्या हाती पूर्वी कधी नव्हता इतका पैसा आणला. खाणींनी पुढे आपल्या शेतांचे आणि झऱ्यांचे काय केले, हे खाणपट्ट्यातील श्रोत्यांना मी सांगायला नको. तरीही त्या पैशाचा एक वाटा गोव्याच्या शिक्षणाकडे आणि कलेकडे वळला, हेही तितकेच खरे आहे, आणि तो वळवणाऱ्यांत भाऊ अग्रभागी होते.

त्या काळी मदत म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी पोर्तुगीज राजवटीतील शिक्षणाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतून चाले. मराठी शाळा गावकऱ्यांनी स्वखर्चाने चालवायच्या, कधी देवळाच्या अग्रशाळेत, तर कधी कुणाच्या सोप्यावर, आणि मास्तरांचा पगार वर्गणीतून उभा करायचा. वर्गणी आटली की शाळा बंद पडे. अशा वेळी गावकरी मदतीसाठी ज्यांच्याकडे जात, त्यांत भाऊंचे नाव होते. शाळेला देणगी, गरीब मुलाच्या पुढील शिक्षणाचा खर्च, आजाऱ्याला औषधपाणी, नाट्यप्रयोगाला आणि खेळाडूंना आधार, असे त्यांचे देणे अनेक वाटांनी चाले.

परंतु दात्याच्या दारापर्यंत जो पोहोचतो, त्यालाच दान मिळते. सत्तरी-सांग्यातील दुर्गम वाड्यावरच्या मुलाला दारही ठाऊक नसते आणि तिथवर जाण्याची वाटही. डिसेंबर 1963 मधील पहिल्या निवडणुकीनंतर भाऊ मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांनी नेमकी हीच उणीव भरून काढली, असे मी मानतो. खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. इमारतीची वाट पाहत न बसता, मिळेल त्या जागेत वर्ग भरू लागले. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर राबणाऱ्या कुळाच्या आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या मुलांसाठी शिक्षण ही आता कुणाच्या मेहेरबानीची गोष्ट उरली नाही. त्याच कुळांना 1964 च्या कूळ कायद्याने संरक्षण मिळाले. अभियांत्रिकी महाविद्यालय 1967 मध्ये सुरू झाले आणि 1970 मध्ये कला अकादमी स्थापन झाली. नाटकवेड्या, संगीतवेड्या गोव्याला तिचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

लोकांचे या माणसाशी नाते कसे होते, याची साक्ष 1967 साल देते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही भाऊंची आणि त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची मुख्य मागणी होती. जनमत कौल निर्भेळ वातावरणात व्हावा म्हणून त्यांचे सरकार सत्तेवरून बाजूला झाले. कौल 16 जानेवारीला झाला आणि 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. ज्या प्रश्नावर पक्ष उभा होता, तोच प्रश्न हरला. एवढे होऊनही काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत याच जनतेने भाऊंच्या हाती पुन्हा राज्य दिले, आणि 1972 मध्ये तिसऱ्यांदा दिले. विलीनीकरणाविषयी आपले मत काहीही असो, या निकालाकडे पाहताना मला त्या माणसावरील विश्वास स्पष्ट दिसतो.

आज निराधार, वृद्ध, विधवा आणि दिव्यांग यांना दरमहा अर्थसाहाय्य देणारी गोवा सरकारची योजना 'दयानंद सामाजिक सुरक्षा योजना' या नावाने चालते. पणजीहून मिरामारला जाणाऱ्या नदीकाठच्या रस्त्यालाही त्यांचे नाव आहे, पण या योजनेला दिलेले नाव मला अधिक समर्पक वाटते.

श्रोतेहो, एक विनंती करतो. भाऊंच्या काळात उघडलेल्या अनेक मराठी प्राथमिक शाळा आज पटसंख्येअभावी बंद होत आहेत. त्या शाळांच्या पटनोंदणीच्या जुन्या वह्यांत, घराण्यात पहिल्यांदाच अक्षर गिरवणाऱ्या मुलामुलींची नावे आहेत. आपल्या गावची शाळा बंद झाली असेल, तर त्या वह्या कुठे आहेत याची चौकशी करा, आणि त्या शाळेत शिकलेले वडीलधारे हयात असतील, तर त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्या.

नमस्कार.