लासलगावचा भाव आणि ढाक्याचा भाव

नमस्कार मंडळी. विषय शेजारी देशांतल्या भावांचा आहे, पण नाशकात बोलायचं तर कांद्यापासूनच सुरुवात करू.

अर्थशास्त्रातला साधा नियम आहे, एकच माल दोन बाजारात असेल तर भावात फरक भाडं, हमाली, पॅकिंग आणि नासाडी एवढाच उरायला पाहिजे, त्यापेक्षा वाढला की कोणीतरी इकडचा माल उचलून तिकडं नेतो आणि भाव जवळ येतात. पिंपळगावला क्विंटलमागं दोनशे रुपये जास्त निघाले की दुसऱ्या दिवशी लासलगावच्या वाटेवरचे ट्रॅक्टर तिकडं वळतात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता हाच कांदा बंगालमधल्या आपल्या सीमेवरच्या पेट्रापोलहून पलीकडं बांगलादेशातल्या बेनापोलला न्या. अंतर काहीच नाही, मधे फक्त सीमा. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण निर्यातबंदी केली, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात कांदा किलोला २०० टका (त्यांचं चलन) याच्या वर गेला आणि त्यांनी चक्क विमानानं कांदा मागवला! पुढं मे २०२० मध्ये लासलगावहून रेल्वेनं कांदा थेट बांगलादेशातल्या दर्शना या गावी गेला, किती छान वाटलं होतं, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी, सीमेवर ट्रक अडकले. डिसेंबर २०२३ ला परत तेच, इथं भाव कोसळले, लिलाव बंद पडले, चांदवडला लोक हायवेवर उतरले.

सीमा किती महाग पडते हे एंगेल आणि रॉजर्स या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलंय. अमेरिका आणि कॅनडातल्या शहरांचे भाव त्यांनी तपासले तर एकाच देशातल्या लांबच्या दोन शहरांपेक्षा सीमेच्या दोन बाजूंच्या शहरांचे भाव जास्त वेगळे हलतात असं निघालं. तेही एवढ्या दोस्तीतल्या शेजाऱ्यांचं! युरोपनं आधी जकात काढली, मग मालाचे नियम जुळवले आणि १९९९ मध्ये चलनही एक केलं (नोटा हातात आल्या २००२ ला), तरी तिथं सगळे भाव एक झालेले नाहीत, घरभाडं नि कटिंगचे पैसे अजून गावागावाला वेगळे, कारण ती सेवा ट्रकमध्ये भरून नेता येत नाही.

आपल्याकडं साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचा मुक्त व्यापाराचा करार, २००६ पासून लागू आहे, पण दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के, कारण प्रत्येकानं सवलतीतून वगळलेल्या मालाची लांबलचक यादी ठेवली. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० ने बांधलेला आहे (आपला एक म्हणजे त्यांचे १.६०), सीमा खुली आहे, म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

माझं स्पष्ट मत आहे, जकातीपेक्षा जास्त नुकसान अचानकपणा करतो. ४० टक्के शुल्क आहे हे आधी माहीत असेल तर व्यापारी तो हिशोब धरून सौदा करतो, पण रात्रीत बंदी आली की त्याचा शब्द खोटा पडतो आणि समोरचा दुसरा सोर्स शोधतो किंवा स्वतः पिकवतो. बांगलादेशनं तेच केलं, लागवड वाढवली, आणि २०२३ मध्ये मार्च ते जून आपल्याच शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून आपला कांदा घेणं थांबवलं, नेमका आपला उन्हाळ कांदा काढणीला आलेला असताना. त्यांना दोष कसा द्यायचा? म्हणून मागणी एवढीच करा, की निर्यातीचं धोरण लागवडीआधी जाहीर व्हावं, आणि मधे बंदी आलीच तरी ज्याचा सौदा झालाय तो माल सीमेवर अडवू नये.

आता प्रश्न घेऊ, मागं माइक द्या.