रकाना नसलेली मिनिटं

(दृश्य: जुने गोव्याचा धक्का. फेरीबोट पलीकडे, दिवाडी बेटाला लागलेली.)

फेरीबोट परतेपर्यंत रुग्णवाहिकेला थांबण्यावाचून गत्यंतर नाही. केस शीटवर, म्हणजे रुग्णवाहिकेच्या नोंदीच्या कागदावर, या थांब्याला रकाना नाही. ‘गाडी निघाली’ आणि ‘गाडी पोचली’ यांच्या मध्ये तो गडप होतो.

आपत्कालीन सेवेवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरचं निम्मं आयुष्य अशा रकान्यांत जातं.

गोव्यात 108 सेवा 2008 पासून आहे. आपत्कालीन वैद्यक या विषयाला देशात पदव्युत्तर मान्यता मिळाली 2009 साली. एमडीला प्रबंध लागतोच, आणि ‘प्रतिसाद वेळ’, म्हणजे फोनपासून मदत पोचेपर्यंतचा वेळ, हा विषय सोपा वाटतो. तो तसा नाही.

(दृश्य: केस शीट, अगदी जवळून.)

फोन उचलला. पत्ता कळला. गाडी निघाली. गाडी थांबली. रुग्णाला हात लागला. पाच वेळा, पाच नोंदी. पत्ता म्हणजे ‘कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) मागे, खुरसाकडून (क्रूसाकडून) आत’, त्यामुळे गाडी थांबणं आणि रुग्णापाशी पोचणं वेगळं. ही शेवटची वेळ पुष्कळदा गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाच्या) दारात, आठवून भरली जाते. 10:05, 10:10, 10:15 अशा गोल वेळांची गर्दी दिसली, की ओळखावं.

त्यात घड्याळं तीन: कॉल सेंटरच्या संगणकाचं, मॉनिटरचं, ईएमटीच्या (गाडीतल्या प्रशिक्षित मदतनिसाच्या) मनगटावरचं. हृदय थांबलेल्या माणसाला छातीदाबही मिळत नसेल, तर हृदयाला द्यायच्या विजेच्या शॉकला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. घड्याळांतच तीन मिनिटांचा फरक असेल, तर पुढची सगळी आकडेमोड वाया. पाळी बदलताना मॉनिटरची वेळ कॉल सेंटरशी जुळवून घेणं, एवढाच उपाय. तोच राहून जातो.

आणखी एक खड्डा छेदाचा, म्हणजे एकूण किती रुग्णांपैकी, याचा. शेजाऱ्याच्या गाडीतून आलेला रुग्ण 108 च्या नोंदीत नसतोच. कोणाला मोजायचं याची सामाईक व्याख्या नॉर्वेतल्या उट्स्टाइन मठात 1990 च्या बैठकीत ठरू लागली. आजही हृदयक्रिया बंद पडण्याच्या नोंदी त्याच धर्तीवर होतात.

मोजणी पक्की झाली, की समजुती डळमळतात. ब्रिटनमधल्या, हृदय थांबलेल्या 8,014 रुग्णांच्या चाचणीत सिरिंजा दिसायला सारख्या. एकीत हृदय पुन्हा सुरू व्हावं म्हणून देतात ते अ‍ॅड्रेनॅलिन, दुसरीत नुसतं सलाईन. 2018 मध्ये निष्कर्ष आले. तीस दिवसांनी जिवंत: औषधाने 3.2 टक्के, सलाईनने 2.4. पण वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले औषधाच्या गटात 31 टक्के, दुसऱ्यात 17.8. नुसती ‘नाडी परत आली’ एवढ्यावर थांबलं असतं, तर हे दिसलंच नसतं.

म्हणून तिसाव्या दिवशी फोन करायचा. फोन उचलणारा विचारतो, ‘कोण रुग्ण?’ केस शीटवर नंबर असतो 108 ला हाक मारणाऱ्याचा, आणि तो रस्त्यावरून जाणारा कुणीतरी निघतो. घरच्यांच्या नंबरासाठी वेगळा रकाना आखावा लागतो.