पायपुसण्यावरचा ओला डाग

(दृश्य: पहाटेचा मंद उजेड. बाथरूमच्या दाराशी मांजराचा निळा ट्रे. त्यातले लिटर, म्हणजे मांजराच्या शौचासाठी पसरलेली शोषक माती, कोरडे, जराही न विस्कटलेले.)

सकाळी उठल्यावर पाय ओल्या पायपुसण्यावर पडतो आणि घरातले पहिले वाक्य बहुधा असे असते : ‘हिने मुद्दाम केलंय.’ इतकी वर्षे न चुकता ट्रेमध्ये जाणारे मांजर आज पायपुसण्यावर, उद्या अंथरुणावर आणि परवा धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर लघवी करू लागले, की त्यामागे राग किंवा सूड असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ते निदान चुकीचे आहे आणि त्यापायी पुढचे उपायही चुकत जातात.

पाळीव मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर कोरड्या, मोकळ्या प्रदेशात राहते. भुसभुशीत माती शोधणे, ती पंजाने उकरणे आणि काम झाल्यावर पुन्हा झाकणे हा मांजराचा उपजत स्वभाव आहे, तो कोणी शिकवावा लागत नाही. परसदार आणि मातीचे अंगण असलेल्या घरांत हा प्रश्न फारसा उद्भवला नाही, याचे कारण एवढेच की तिथे जागा मांजर निवडत असे. फ्लॅटमध्ये जागा, भांडे आणि माती या तिन्ही गोष्टी आपण निवडतो.

ट्रेमध्ये घालायचे लिटरही फार जुने नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९४७ साली एडवर्ड लोव यांच्या शेजारणीने आपल्या मांजरासाठी त्यांच्याकडे वाळू मागितली, कारण ती वापरत असलेल्या राखेचे ठसे घरभर उमटत होते. लोव यांनी वाळूऐवजी तेल टिपण्यासाठी वापरली जाणारी शोषक माती दिली. ती आपल्याकडच्या मुलतानी मातीच्या जातीची होती. पुढे ओल लागताच गोळा बांधणारी बेंटोनाइट माती आली, जिचे साठे आपल्याकडे कच्छ आणि बाडमेरमध्ये आहेत.

(दृश्य: पशुवैद्यकाच्या टेबलावर बोका. डॉक्टरांचा हात त्याच्या पोटावर.)

मांजराने ट्रे सोडला, तर ट्रे बदलण्याआधी मांजर डॉक्टरांना दाखवावे. मूत्राशयाचा दाह, लघवीतले खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि उतारवयातली सांधेदुखी यांपैकी काहीही यामागे असू शकते. लघवी करताना दुखले, की मांजर त्या वेदनेचा संबंध ट्रेशी जोडते आणि मऊ, वेगळी जागा शोधू लागते. तरुण मांजरांमध्ये जंतुसंसर्गापेक्षा ताणामुळे होणारा दाह अधिक आढळतो, आणि घरात आलेले पाहुणे, भिंतींचे रंगकाम किंवा दिवाळीतले फटाके हेही त्याला निमित्त ठरू शकतात.

एका लक्षणापाशी मात्र क्षणाचाही उशीर चालत नाही. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, जोर करतो आणि थेंबभर किंवा काहीच होत नाही, तेव्हा त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. घरच्यांना हे बऱ्याचदा बद्धकोष्ठासारखे वाटते आणि घरगुती औषधांत मोलाचे तास जातात. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते आणि एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा बोक्याला रात्र असली तरी त्याच वेळी दवाखान्यात न्यावे.

शरीराची शंका मिटली, की मग ट्रेकडे वळावे. दुकानांत मिळणारे बरेचसे ट्रे लहान असतात. मांजराच्या अंगाच्या दीडपट लांबीचा ट्रे हवा, त्यामुळे कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा खोका एका बाजूने कापून वापरणे अधिक सोयीचे ठरते. म्हाताऱ्या मांजरासाठी ती बाजू आणखी खाली कापावी. लिटर बारीक, बिनवासाचे आणि पाचसात सेंटिमीटर खोल असावे. लव्हेंडरचा सुगंध माणसाच्या नाकासाठी असतो. ट्रे वॉशिंग मशीनला किंवा जेवणाच्या ताटलीला लागून नसावा. बाल्कनीत ठेवला असेल, तर पावसाळ्यात झड आत येऊन लिटरचा चिखल होतो, आणि नेमके त्याच दिवसांत मांजर बिघडले अशी तक्रार होते. दोन मांजरांना तीन ट्रे हवेत, तेही वेगवेगळ्या जागी, कारण दांडगे मांजर वाटेत नुसते बसून दुसऱ्याची वाट अडवू शकते. ट्रे रोज साफ करावा. विष्ठेतून येऊ शकणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. घरात गर्भवती स्त्री असेल, तर हे काम दुसऱ्याने करावे.

(दृश्य: फरशीवर फिनाईलचे पांढरट पाणी. पोछा फिरतो आहे.)

आपल्या घरांतली खरी अडचण इथे आहे. डाग दिसला, की हात आपसूक फिनाईलच्या बाटलीकडे जातो. काळ्या फिनाईलमधली आणि कित्येक जंतुनाशकांतली फिनॉल वर्गाची रसायने मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला घातक ठरते, त्यामागेही यकृताची हीच उणीव आहे. ओल्या फरशीवरून चाललेले मांजर पंजे चाटते आणि ते द्रव्य पोटात जाते. शिवाय अशा फिनाईलने ट्रे धुतला, तर त्या उग्र वासानेच मांजर त्याच्या जवळ जात नाही. अमोनियायुक्त क्लीनर तर लघवीच्याच वासाची आठवण देतो. डागावर विकरयुक्त, म्हणजे एन्झाइम असलेला क्लीनर वापरावा आणि ट्रे साध्या साबणाच्या पाण्याने धुवावा.

भिंतीला पाठ करून, शेपटी थरथरवत मारलेली पिचकारी हा वेगळा विषय आहे. ती हद्दीची खूण असते आणि नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांमध्ये ती थांबते किंवा खूप कमी होते.

मांजराचे नाक डागावर घासल्याने ते एवढेच शिकते, की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग ते सोफ्याच्या मागे जाते. त्यापेक्षा नवा ट्रे मांजराने निवडलेल्या जागीच, म्हणजे त्या पायपुसण्याच्या ठिकाणी, मांडावा आणि ते तिथे रुळल्यावर रोज वीतभर सरकवत आपल्या सोयीच्या कोपऱ्यात न्यावा. याला काही आठवडे लागू शकतात.

(दृश्य: रात्र. दिवे बंद. अंधारात लिटर उकरल्याची खरखर, थोडी शांतता, आणि पुन्हा खरखर.)