पहिली दहा पानं

(दृश्य: वाचनालयाचं कपाट उघडतं. पुस्तकांच्या पाठी, जवळून.)

कादंबरी विभाग. तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. यातल्या बऱ्याच पुस्तकांची मूळ मुखपृष्ठं कधीच गेली. त्यांच्या जागी तपकिरी बांधणी आली, पाठीवर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक आला. ग्रंथपाल मॅडमना क्रमांक बघावा लागत नाही. त्यांचं बोट सरळ पुस्तकावरच जातं.

डोंबिवली पूर्वेतलं हे सार्वजनिक वाचनालय. खाली भाजीवाले, रिक्षांची रांग, स्टेशनकडून सुटलेली गर्दी. वर, देवघेवीच्या टेबलामागच्या खोलीत, दर शनिवारी संध्याकाळी एक वाचक गट जमतो. चौदा-पंधरा माणसं. लोकल चुकली तर बारा. आतापर्यंत हा गट नवी पुस्तकं वाचत आला. यंदा त्यांनी ठरवलं, की एक जुनी, नावाजलेली मराठी कादंबरी घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून ती शेवटपर्यंत वाचायची.

कोणती, हे ठरवण्यात अख्खा पावसाळा गेला. ही फिल्म त्या निवडीची आहे.

(दृश्य: फळा. खडूने लिहिलेली नावं.)

हा फळा पहिल्या शनिवारचा. ज्याला जे नाव सुचलं ते लिहिलं गेलं. वरच्या कोपऱ्यात 'ययाति' आणि 'स्वामी' आहेत. ही नावं प्रत्येक यादीत असतात. खाली 'गारंबीचा बापू', 'माहीमची खाडी', 'पाचोळा', 'गोतावळा'. आणि अगदी कडेला, जागा उरली नाही म्हणून उभ्या अक्षरांत लिहिलेलं, 'धग'.

एवढ्या नावांतून एक कसं काढायचं? गटाने तीन अटी घातल्या. पहिली, कादंबरी दोन महिन्यांच्या शनिवारांत वाचून झाली पाहिजे. दुसरी, प्रत्येकाच्या हातात प्रत पाहिजे, मग ती वाचनालयाची असो, दुकानातली असो की उसनी. तिसरी अट घातली ती या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी. जो कादंबरी सुचवेल, त्याने तिची पहिली दहा पानं इथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचायची. लेखकाचा परिचय द्यायचा नाही. पुरस्कार सांगायचे नाहीत. फक्त पानं.

(बाइट: मुख्याध्यापिका बाई)
“पुरस्कार सांगितला की माणूस लगेच मान डोलावतो. आणि पुस्तक घरी तसंच पडून राहतं. कानावर पडू दे आधी. मग बघू, पुढे वाचावंसं वाटतंय का.”

या तिसऱ्या अटीमुळेच आम्ही कॅमेरा घेऊन पुन्हा पुन्हा इथे येत राहिलो.

(दृश्य: पावसाची सर, खिडकी. खुर्च्या गोलाकार.)

हा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. गटात सगळ्यांत लहान. त्याने आणली 'कोसला', भालचंद्र नेमाडे यांची, १९६३ सालची. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, होस्टेल, मित्र, परीक्षा. ऐकताना माणसं हसतायत, बघा. वाचन संपलं तेव्हा मात्र सात-आठ जणांनी हात वर केले. त्यांची ती आधीच वाचून झाली होती, काहींची दोनदा. मिळून वाचताना थोड्यांना शेवट ठाऊक आणि बाकीच्यांना नाही, ही अडचणच असते. 'कोसला' बाजूला राहिली.

पोस्टातून निवृत्त झालेले हे काका. त्यांच्या हातात 'रणांगण'. विश्राम बेडेकरांनी १९३९ साली लिहिलेली, आकाराने लहान. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, आणि त्यांच्यात चक्रधर आणि हॅर्टा. काकांचा आवाज बारीक आहे, खोलीतला पंखा त्यांच्यासाठी बंद करावा लागला. कुणी चुळबुळ केलेली दिसत नाही. दोन महिन्यांची अट ती सहज पाळते, उलट दोन शनिवारांतच संपेल. तिच्याविरुद्ध मुद्दा आला तो हाच. आम्हाला तो फारसा पटला नाही. लहान कादंबरी सावकाश वाचता येते.

आता या टेबलावरची ही पुस्तकं.

(दृश्य: टेबलावर पाच निरनिराळ्या प्रती, एकाच कादंबरीच्या.)

सगळी एकच कादंबरी आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' हरि नारायण आपटे. कुणाच्या आजीची प्रत, कुणी रस्त्यावरून घेतलेली, कुणी गेल्या महिन्यात नवी मागवलेली. हरिभाऊ १९१९ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे ही कादंबरी कुणीही छापू शकतो, आणि अनेकांनी छापली. परिणाम समोर आहे. एकाच्या पुस्तकात जे पान चाळिसावं, ते दुसऱ्याच्या पुस्तकात एकोणसाठावं. ‘पान चाळीस काढा’ असं म्हटलं आणि पाच माणसं पाच ठिकाणी. शेवटी ठरलं, पान सांगायचंच नाही. प्रकरण सांगायचं आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द.

ही कादंबरी मुळात पुस्तक म्हणून आलीच नव्हती. हरिभाऊंनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ती हप्त्याहप्त्याने छापली. यमू आपलीच हकिकत सांगते. लहानपण, लग्न, सासर, वैधव्य. वाचणाऱ्यांना पुढच्या अंकाची वाट बघावी लागत होती. आठवडाभर थांबायचं, मधल्या दिवसांत त्यावर बोलायचं, मग पुढचं वाचायचं. डोंबिवलीचा हा गट जे करू बघतोय, ते मराठी वाचक तेव्हा करत होते. म्हणूनच मुख्याध्यापिका बाईंचा हिच्यासाठी आग्रह होता. त्यांचं यमूच्या लहानपणाचं वाचन आम्ही पूर्ण चित्रित केलंय, इथे थोडाच भाग दाखवता येतोय.

(ध्वनी: वाचनाचा आवाज, तीस सेकंद. निवेदन थांबतं.)

अडली ती लांबीवर. आठ शनिवारांत ती बसेना.

मग आले रेल्वेतले मोटरमन. ड्यूटी संपवून थेट इथे. त्यांनी 'बनगरवाडी' वाचली. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणुकीला पायी निघतो. मोटरमनदादा वाचताना बोट ओळीवरून फिरवतात. वाचनाची सवय सुटली होती, असं त्यांनी सांगितलं. दहा पानं झाली तरी ते थांबले नाहीत, आणि कुणी थांबवलंही नाही. पंधराव्या पानावर चहा आला.

'फकिरा'ही वाचली गेली. अण्णा भाऊ साठे, १९५९. ती पुढे करणारी ताई सांगलीकडची. अण्णा भाऊंचं वाटेगाव त्याच जिल्ह्यातलं. त्या शनिवारी शूटिंग होऊ शकलं नाही, म्हणून पडद्यावर फक्त ही प्रत आहे. पान उलटलं की अर्पणपत्रिका दिसते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला वाहिलेली.

(दृश्य: बँकेतल्या बाई पिशवीतून पुस्तक काढतात.)

आता ज्या वाचनासाठी ही फिल्म करावीशी वाटली, ते.

या बाई बँकेत नोकरी करतात. माहेर अमरावतीकडचं. लग्न होऊन डोंबिवलीला आल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली. फळ्याच्या कडेला उभ्या अक्षरांत 'धग' लिहिणाऱ्या याच. गटात ती कुणीही वाचलेली नव्हती. याच नावाचा एक मराठी सिनेमा आहे, तो बहुतेकांना आठवला. पण त्याचा आणि या कादंबरीचा काही संबंध नाही.

'धग' उद्धव शेळक्यांची. प्रकाशन १९६०. शेळके अमरावती जिल्ह्यातले आणि कादंबरीही त्याच मातीतली. शिंप्याच्या घरातली कौतिक. नवरा महादेव घर ओढायला कमी पडतो, म्हणून ती ओढते. शेतावर मजुरीला जाते, पोरांना जगवते. घटना एवढ्याच. पण शेळके तिच्याकडे दया दाखवत बघत नाहीत आणि तिला देवीही करत नाहीत. दिवस कसा उजाडला, चूल कशी पेटली, पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे ते सांगत राहतात. मराठी कादंबरीतल्या बाईंबद्दल बोलताना कौतिकचं नाव पहिल्या ओळीत यायला हवं, असं आम्हाला वाटतं. ते येत नाही. याचं एक कारण कादंबरीची भाषा. माणसं वऱ्हाडीत बोलतात. मुंबई-पुण्याचा वाचक दोन पानं चाळतो, अडखळतो आणि पुस्तक ठेवून देतो. डोळ्यांनी वाचताना तसं होऊ शकतं. कानांनी ऐकताना काय होतं, ते आता बघा.

(दृश्य: वाचन सुरू. चेहऱ्यांवरून कॅमेरा सावकाश फिरतो.)

निवेदनाची भाषा त्या आपण नेहमी वाचतो तशी वाचतात. बँकेच्या काउंटरवर बोलाव्या तशी. मग कुणीतरी बोलू लागतं, आणि त्यांचा आवाज बदलतो. सूर खाली येतो, शब्दांची शेवटं लांबतात. मान किंचित तिरपी होते. हा अभिनय नाही. त्यांच्या घरी असंच बोललं जातं.

(ध्वनी: वाचन. निवेदन नाही. पूर्ण दोन मिनिटं.)

मधे दोनदा विद्यार्थ्याने हात वर केला. शब्दाचा अर्थ विचारला, बाईंनी सांगितला, वाचन पुढे गेलं. तिसऱ्यांदा त्याला विचारावंच लागलं नाही.

(बाइट: विद्यार्थी)
“आधी वाटलं होतं, हे मला झेपणार नाही. काकू वाचत होत्या तर सगळं समजत होतं. घरी जाऊन मी एकटा वाचायला बसलो, तर डोक्यात त्यांचाच आवाज.”

२०१७ साली नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच डोंबिवलीत झालं. अध्यक्ष अक्षयकुमार काळे विदर्भातले. मांडव, ग्रंथदिंडी, पुस्तकांचे गाळे, सगळं झालं. पण विदर्भातली एक कादंबरी या शहरात मोठ्याने वाचली जाताना आम्ही प्रथम ऐकली ती या खोलीत.

(दृश्य: स्टीलचा डबा. चिठ्ठ्या.)

मतदानाआधी बराच वाद झाला. तो आमच्याकडे चित्रित नाही. मोजणी आहे. प्रत्येकाने दोन नावं लिहायची, पहिली पसंती आणि दुसरी. पहिलीला दोन गुण, दुसरीला एक. ग्रंथपाल मॅडम चिठ्ठ्या उघडतायत, मोटरमनदादा फळ्यावर रेघा मारतायत. 'बनगरवाडी' आणि 'धग' शेवटपर्यंत बरोबरीने चालल्या. शेवटच्या चिठ्ठीत पहिलं नाव 'धग'. चिठ्ठी कुणाची, ते अक्षरावरून सगळ्यांनी ओळखलं. मोटरमनदादांची.

आता दुसरी अट. प्रती.

या वाचनालयात 'धग'ची एक प्रत होती. ही बघा, तीच. तारखेच्या चिठ्ठीवर शिक्के एकाखाली एक दाट उमटलेत, मग विरळ होत जातात, मग चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग कोराच आहे. एका प्रतीवर पंधरा माणसं वाचणार कशी? ग्रंथपाल मॅडमनी कल्याण आणि ठाण्याच्या ओळखीच्या ग्रंथपालांना फोन लावले. हे फोन आम्ही ऐकले. पुस्तक आहे का, प्रत धड आहे का, दोन महिन्यांसाठी मिळेल का. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं गावोगाव आहेत, आणि शासनाच्या अनुदानावर, वर्गणीवर, देणग्यांवर ती कशीबशी उभी आहेत. नवी पुस्तकं घ्यायला पैसे अपुरे पडतात. पण एका वाचनालयात नसलेलं पुस्तक दुसऱ्याच्या कपाटात असतं, आणि विचारणारा असला की ते बाहेर येतं. ज्यांना अशी कादंबरी मिळून वाचायची आहे, त्यांनी दुकानाआधी इथे यावं. ग्रंथपालांना विचारावं.

(दृश्य: पार्सल. सुतळी कापली जाते.)

हे पार्सल अमरावतीहून आलं. बाईंच्या भावाने तिकडून जमवलेल्या प्रती. काही नव्या, काही जुन्या, एकीच्या पहिल्या पानावर कुणाला तरी दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. खोलीतल्या सगळ्यांनी एकेक उचलून बघितली. वास घेतला. विद्यार्थ्याने मुद्दाम सगळ्यांत जुनी निवडली.

वाचन ठरल्याप्रमाणे पार पडलं. तिघे मधेच गळाले, दोन नवे आले, कौतिकवरून एका शनिवारी कडाक्याचं भांडण झालं आणि कादंबरी संपली.

(दृश्य: फळा. नवी यादी.)

गटाने पुढच्या निवडीची यादी आता लावली आहे. 'बनगरवाडी' आणि 'फकिरा' दोन्ही पुन्हा त्यात आहेत. पोस्टातल्या काकांनी 'रणांगण'सोबत एक नवं नाव सुचवलंय, 'बळी'. विभावरी शिरूरकर, १९५०. ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारलेल्या जमातींना इंग्रज सरकार तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये ठेवायचं, तिथल्या माणसांची ही कादंबरी. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, 'रणांगण'कार विश्राम बेडेकरांच्या पत्नी. दोघांच्या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचाव्यात, असं काकांचं म्हणणं. 'बळी'ची दहा पानं ग्रंथपाल मॅडम वाचणार आहेत. वाचन शनिवारी संध्याकाळी सातला. वर्गणीदार नसलात तरी येता येतं.